दोन हेडफोन, एकच तंबोरा

हेडफोन निवडताना आणि त्यांची तुलना करताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण इतर पत्रांतील निम्म्या शंकांचे मूळ त्याच प्रश्नात आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे ख्याल ऐकतो. अलीकडे मी सेनहायझरचा एचडी ६०० घेतला. माझ्या मित्राकडे सोनीचा एमडीआर-७५०६ आहे. एका रविवारी आम्ही दोन्ही हेडफोन एकाच लॅपटॉपला आळीपाळीने लावून तीच मैफल ऐकली. सोनीवर तबल्याची चाट लख्ख वाजत होती, डग्गा भरदार होता आणि तंबोरा कानाशी आल्यासारखा वाटत होता. त्यापुढे माझा हेडफोन अगदी झोपलेला वाटला. परंतु रात्री एकटा तासभर ऐकत बसलो की मला माझाच बरा वाटतो. कान दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी सांगत असेल, तर विश्वास कशावर ठेवावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील एक तपशील निर्णायक आहे. दोन्ही हेडफोन आपण एकाच लॅपटॉपला लावलेत, पण हेडफोन बदलताना आवाजाची पातळी बदललीत का, हे लिहिलेले नाही. बहुधा बदलली नसावी. एचडी ६०० चा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) ३०० ओहम आहे, तर ७५०६ चा ६३ ओहम. तेवढ्याच व्होल्टेजवर सोनी बरीच जास्त शक्ती खेचतो, शिवाय मिळालेल्या शक्तीचे आवाजात रूपांतर करण्यातही तो पुढे आहे. परिणामी व्हॉल्यूमची पट्टी त्याच जागी ठेवली, तर तो दहा डेसिबलपेक्षाही मोठा वाजतो. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट आवाजासारखा जाणवतो. याचा अर्थ त्या रविवारी आपण दोन हेडफोनांची तुलना केली नाहीत, एका मोठ्या आणि एका लहान आवाजाची केलीत.

आवाज मोठा झाला की तो नुसता मोठा होत नाही, त्याचा तोलही बदलतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये आवाजाच्या जाणिवेची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे पक्के ठाऊक आहे की, हळू आवाजात माणसाच्या कानाला मधल्या पट्टीच्या मानाने बेस फारच कमी ऐकू येतो, आणि पातळी वाढवत गेले की ही तूट भरून निघत जाते. मोठ्या आवाजात डग्गा भरतो आणि तंबोऱ्याची बारीक झणकारही उठून येते. दुकानात एकामागून एक हेडफोन लावून पाहणाऱ्याला नेमका सर्वांत मोठा वाजणाराच पसंत पडतो, त्याचे कारण हेच. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मीही याच कारणाने चुकीचा हेडफोन उचलून घरी आलो होतो. विक्रेता प्रामाणिक होता, पण पातळी सारखी करून द्यावी हे त्याच्या ध्यानात आले नाही आणि माझ्याही नाही.

म्हणून पहिले काम पातळी सारखी करण्याचे. त्यासाठी संगीत लावू नका. एखाद्या वृत्तनिवेदकाचे ध्वनिमुद्रण घ्या. बोलण्याच्या आवाजाचा भर मधल्या पट्टीत असतो, आणि चांगले हेडफोन एकमेकांपासून सर्वांत कमी वेगळे असतात ते याच पट्टीत. निवेदक दोन्हींवर सारख्याच अंतरावर बसून बोलतो आहे असे वाटेपर्यंत व्हॉल्यूमची पट्टी सरकवा, दोन्हींचे आकडे कागदावर लिहा, उठून पाणी पिऊन या आणि पुन्हा तपासा. तीन वेळा केल्यावर आकडे स्थिर होतात.

आता मैफल लावा, पण बंदिशीपर्यंत जाऊ नका. सुरुवातीला नुसता तंबोरा वाजतो, तो मिनिटभर ऐका. गवयाचा षड्ज काळी एकचा असेल, तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि जवारी (घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने साधलेली झणकार) नीट लागलेली असेल तर त्याच तारेतून कित्येक हजार हर्ट्झपर्यंतचे स्वरांश एकामागून एक उमलत वर जातात. हेडफोन पारखण्यासाठी आपल्या हाताशी याहून चांगले साधन क्वचितच असेल, कारण एकाच आघातात तळापासून वरपर्यंतचा सगळा पट्टा ऐकायला मिळतो. एचडी ६०० वर मधला पट्टा फार सलग ऐकू येईल. खर्जाच्या तारेतून गंधार कसा डोकावतो, हे त्यावर कान न ताणता कळते. मात्र अगदी तळाचा बेस त्यात उतरता आहे. सोनीवर खर्ज थोडा जाड आणि वरची झणकार अधिक चकचकीत असेल. मग तबला सुरू झाला की चाटीवरचा (तबल्याच्या काठावरचा) ‘ना’ आणि लवेवरचा (काठ आणि शाई यांमधल्या भागावरचा) ‘तिं’ यांतला फरक पाहा. सोनी ‘ना’ला पुढे आणतो. दहा मिनिटे हे सुखावते. द्रुत लयीत, तासाभराने, तेच टोचू लागते.

आपला कान दोन गोष्टी सांगतो, असे आपल्याला वाटते ते इथे उलगडते. त्याला विचारलेले प्रश्नच दोन होते. रविवारी विचारले होते की कोणता हेडफोन अधिक दाखवतो, आणि रात्री विचारले होते की कोणत्याच्या सोबतीने बसवते. सोनीचा हा हेडफोन १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या कामात वापरला जातो. तिथे श्वासाची खरखर, माइकवरचा फटका, जुळवणीतला सांधा पकडणे हे काम असते, म्हणून तो पुढे होऊन दाखवणारा आहे आणि बाहेरचा आवाज अडवण्यासाठी बंद पाठीचा आहे. १९९७ मध्ये आलेला एचडी ६०० उघड्या पाठीचा आहे. त्याच्या जाळीतून आवाज आतबाहेर मोकळा जातो, त्यामुळे गवई डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. पण शेजारच्या खोलीतला मिक्सर सुरू झाला की तोही मैफलीत येऊन बसतो. आपण ख्याल ऐकता, रात्री ऐकता आणि तासभर ऐकता. आपले पैसे वाया गेले आहेत, असे मला मुळीच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. पातळी सारखी केल्यावरही निर्णय त्याच दिवशी घेऊ नका. एक हेडफोन चार दिवस सलग वापरा, मग दुसरा चार दिवस, आणि मग पहिल्याकडे परत या. परत येतानाची पहिली पाच मिनिटे फार बोलकी असतात. ज्याच्याकडे परतल्यावर ‘घरी आलो’ असे वाटते आणि ज्याच्याकडे परतल्यावर ‘अरे, हे असे होते होय?’ असे वाटते, त्यांतला फरक आपल्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

प्रश्न : कोणत्या पट्टीत आवाज किती येतो हे दाखवणारे हेडफोनचे आलेख इंटरनेटवर पाहून मी खरेदी करतो. ‘सपाट आवाज सर्वांत खरा’ असे सगळे सांगतात, पण चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रत्येक हेडफोनच्या आलेखात ३००० हर्ट्झजवळ मोठा डोंगर दिसतो. मग सपाट म्हणजे नेमके काय? आणि आलेख चांगला असूनही मला आवाज आवडला नाही, तर चूक माझी का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : तो डोंगर हेडफोनचा नाही, आपल्याच कानाचा आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका बाजूने पडद्याने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडी असते. बासरीत हवा घुमावी तशी तिच्यातली हवा ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तेवढा भाग उचलून धरते. समोर बसून कोणी गात असेल, तरी पडद्यापर्यंत पोहोचताना हा उठाव येतोच, आणि आपला मेंदू जन्मापासून त्याला सरावलेला आहे. मोजमापाचे यंत्र पडद्याच्या जागी बसवलेले असल्यामुळे त्याला तो उठाव दिसतो. तो काढून टाकून हेडफोन आलेखात खरोखर सपाट केला, तर गाणारी व्यक्ती जाड पडद्याआड बसल्यासारखी ऐकू येईल.

उठाव किती असावा, यावर बराच काळ मतभेद होते. २०१२-१३ पासून ध्वनिसाधने बनवणाऱ्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हा प्रश्न श्रोत्यांनाच विचारला. हेडफोनचा स्पर्श आणि वजन यांवरून तो कोणता हे ओळखू येते आणि मत कलते. म्हणून त्यांनी काही प्रयोगांत वेगवेगळ्या हेडफोनांचा आवाज संगणकाने घडवून एकाच हेडफोनमधून ऐकवला. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. लोकांना जो तोल आवडला, तो चांगल्या खोलीत चांगले स्पीकर ऐकावेत त्याच्या जवळ जाणारा होता, म्हणजे खोली बेसला जो थोडा आधार देते तोही त्यात धरलेला होता. मात्र पुढच्या अभ्यासात साधारण दोन तृतीयांश श्रोतेच त्या तोलावर समाधानी होते. उरलेल्यांपैकी काहींना बेस अधिक हवा होता, काहींना कमी.

तेव्हा चूक आपली नाही, आलेखाचीही नाही. आलेख सांगतो ते बहुसंख्यांच्या पसंतीपासूनचे अंतर, आणि ८००० हर्ट्झच्या वर तर तो जपूनच वाचावा, कारण तिथला आवाज कानाच्या पाळीचा आकार आणि हेडफोन किती पुढे-मागे बसला आहे यांवर बराच अवलंबून असतो. माझी सूचना अशी की नवा हेडफोन घेण्यापूर्वी आहे त्याच हेडफोनवर फोनमधील इक्वलायझर (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करण्याची सोय) घेऊन बसावे. १०० हर्ट्झच्या खाली तीन डेसिबल वाढवून चार दिवस ऐका, मग तीन कमी करून चार दिवस. नंतर ५००० ते ८००० हर्ट्झमध्ये तसेच करा. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे बोचतात की बोथट होतात, याकडे लक्ष द्या. या पंधरवड्यात एक पैसा खर्च न करता आपल्याला आपली पसंती आकड्यांत सांगता येऊ लागेल, आणि त्यानंतर पाहिलेला आलेख आपल्याशी वेगळ्या भाषेत बोलेल.

प्रश्न : नवा हेडफोन १०० तास वाजवून ‘मुरवल्या’शिवाय त्याविषयी मत बनवू नये, असे दुकानदार म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाजवल्याने होणारा बदल मोजला, तर तो हेडफोन डोक्यावर जरासा सरकल्याने होणाऱ्या बदलाहून सहसा लहान निघतो. खरोखर बदलतात त्या दोन गोष्टी : कानगाद्या दबून मऊ होतात आणि आपला कान नव्या तोलाला सरावतो. थोडे दिवस ऐकून मत बनवावे हे योग्यच आहे, पण त्या दिवसांत हेडफोन कपाटात गाणी लावून ठेवण्याची गरज नाही. तो आपल्या डोक्यावर असायला हवा. परत करण्याची मुदत संपेपर्यंत थांबायला कोणी सांगत असेल, तर थांबू नये.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेले गाणे मी रोज ऐकतो. नातीने कौतुकाने भारी हेडफोन दिला. त्यावर गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. जुन्या साध्या इअरफोनवर गाणे गोड लागायचे. नातीला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. माझेच कान बिघडले असतील का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आजोबा, आपण जे ऐकता ते बरोबर ऐकता. १९२५ पूर्वीच्या तबकड्या विजेच्या मदतीशिवाय, भोंग्यासमोर गाऊन मुद्रित होत. त्यानंतर माइक आला आणि आवाजाचा पट्टा रुंदावला. तरीही ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर वरच्या पट्टीत गाणे विरळ होत जाते आणि सुईची खरखर उरते. आपल्या जुन्या इअरफोनमध्ये वरची पट्टी मुळातच दबलेली असणार, त्यामुळे तो नकळत खरखर गाळत होता. नवा हेडफोन तबकडीवर जे आहे ते सगळे प्रामाणिकपणे पुढे ठेवतो. इथे दोष हेडफोनचा नाही आणि कानांचाही नाही. या ध्वनिमुद्रणाला वेगळा तोल हवा आहे, एवढेच.

दोन गोष्टी नातीकडून करून घ्याव्यात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या सदरात ‘मोनो ऑडिओ’ असा पर्याय असतो, तो सुरू करावा. तबकडीवर गाणे एकच असते, पण उतरवताना डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळी खरखर येते. दोन्ही एकत्र केल्यावर गाणे तेवढेच राहते, खरखर मात्र थोडी मागे हटते आणि आवाज दोन कानांच्या बरोबर मध्ये स्थिर होतो. दुसरे म्हणजे इक्वलायझरमध्ये ५००० हर्ट्झच्या वरचा भाग हळूहळू खाली आणावा आणि बालगंधर्वांच्या तानेतले दाणे पुसट होऊ लागले की तिथून एक पायरी परत वर यावे. हे काम आपण दोघांनी शेजारी बसून केलेत, तर नातीला वाईट वाटण्याचे कारणच उरणार नाही.

आपण चष्मा लावत असाल, तर त्याच्या काड्या गादीखाली येऊन फट पडते आणि त्या फटीतून बेस निघून जातो. एकदा चष्मा काढून तेच गाणे ऐकून पाहावे. आणि वयाबरोबर वरची पट्टी कमी ऐकू येणे स्वाभाविक असले, तरी एका कानाने स्पष्ट आणि दुसऱ्याने दबके ऐकू येत असेल, तर श्रवणतपासणी अवश्य करून घ्यावी. ती झाल्यावर फोनमधील डावे-उजवे संतुलन त्याप्रमाणे ठेवता येते. आवाज वाढवत नेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रश्न : मी परिचारिका आहे आणि रोज दोन तास बसने प्रवास करते. घरी चांगला वाटणारा इअरफोन बसमध्ये पोकळ वाटतो आणि आवाज वाढवावा लागतो. आवाज गाळणारे बिनतारी हेडफोन घ्यावेत का? माझी बहीण म्हणते की त्यांचा आवाज खरा नसतो. तिने माझा इअरफोन लावून पाहिला तर तिला तोही बेसशिवाय वाटला, आणि मला तो घरी भरपूर बेसचा वाटतो!
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ताई, बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते आणि ती गाण्यातील खालची पट्टी झाकून टाकते. म्हणून घरी भरलेला वाटणारा आवाज प्रवासात पोकळ होतो आणि हात व्हॉल्यूमकडे जातो. आवाज गाळणारे हेडफोन नेमकी हीच सलग घरघर चांगली कापतात. शेजारच्यांच्या गप्पा आणि हॉर्न मात्र बऱ्याच अंशी ऐकू येत राहतात. शांत खोलीतल्या तुलनेत असा हेडफोन कदाचित दुसरा किंवा तिसरा येईल. आपण ऐकता बसमध्ये, तेव्हा तुलनाही बसमध्येच करावी, आणि तिथे तो पहिला येण्याची शक्यता मोठी आहे.

याला आणखी एक सबळ कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०. आपला प्रवासच आठवड्याला दहा-बारा तासांचा आहे. घरघर कापली गेली की तेच गाणे बऱ्याच कमी आवाजात तितकेच स्पष्ट लागते, आणि दिवसभर रुग्णांचे हळू बोलणे ऐकणाऱ्या कानांसाठी ही फार मोठी सवलत आहे.

बहिणीचे म्हणणे आणि आपले म्हणणे, दोन्ही खरी असू शकतात. कानात बसणाऱ्या इअरफोनचा बेस सर्वस्वी रबरी बोंडाच्या बसण्यावर अवलंबून असतो. तिच्या कानाची नळी आपल्यापेक्षा रुंद असेल, तर आपल्याला घट्ट बसणारे बोंड तिला सैल होते आणि खालचा आवाज बाहेर निसटतो. डबीत सहसा तीन मापांची बोंडे येतात. तिला एक माप मोठे लावायला द्या. मग पाण्याखाली गेल्यावर ऐकू येतो तसा स्वतःचा आवाज डोक्यात घुमू लागला, की बोंड नीट बसले असे समजावे. दोघींचे दोन्ही कान एकाच मापाचे असतील असेही नाही. डाव्याला मधले आणि उजव्याला मोठे लागणारे पुष्कळ लोक आहेत. इतके झाल्यावरही तिला बेस कमी वाटला, तर ती तिची पसंती मानावी आणि फोनमधील इक्वलायझरमध्ये दोघींच्या नावाने दोन वेगवेगळ्या जुळण्या जतन करून ठेवाव्यात.